एकुलता एक म्हणतो, ‘मला फादर व्हायचंय’

पत्र सांगलीहून आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

‘आमचं धर्मग्राम (पॅरिश) लहान. रविवारच्या मराठी मिस्साला शंभर-सव्वाशे माणसं. माझा मुलगा २३ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, कुपवाडच्या एमआयडीसीत तीन वर्षं नोकरी. मुलगी लग्न होऊन कराडला. जूनमध्ये एका रात्री जेवता जेवता म्हणाला, आई, मला फादर व्हायचंय. त्याचे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. त्या रात्रीपासून ते त्याच्याशी बोललेले नाहीत. घराचे हप्ते अजून साडेचार वर्षं आहेत, अर्धा हप्ता मुलगा भरतो. सासूबाई म्हणतात वंश बुडाला. माझं माहेर मिरजेचं, प्रॉटेस्टंट. ते म्हणतात, आमचे पाळक लग्न करून सेवा करतातच की! जानेवारीत त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, तेही मनात येतं. फादरना विचारलं तर म्हणाले, देवाची देणगी आहे, आनंद माना. मला आनंद होत नाही. दर रविवारी पाचारणासाठी, म्हणजे देवाची हाक ऐकून कुणी फादर-सिस्टर व्हावं म्हणून, प्रार्थना म्हणतो, तेव्हा मी ओठ हलवते, आवाज निघत नाही. मी नाही म्हणाले तर देवाला नाही म्हटल्याचं पाप लागेल का? – एक आई’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण जूनपासून तुम्ही तो छातीवर घेऊन झोपताय. नाही, पाप लागत नाही. आनंद न होणं हे पाप नाही. पोर घरातून जाणार म्हटल्यावर आईच्या पोटात कालवलं नाही तरच नवल. येशूबाळाला मंदिरात नेलं तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने मरियेला आशीर्वाद दिला आणि त्याच श्वासात सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. मंदिरात उभ्या असलेल्या त्या आईला कुणी ‘आनंद मान’ म्हटलं नव्हतं.

चर्चची शिकवणही इथे तुमच्या भीतीपेक्षा बरीच मोकळी आहे. मुलं मोठी झाली की आपला व्यवसाय आणि आपली जीवनावस्था निवडण्याचा हक्क आणि कर्तव्य त्यांचं आहे, आईबापांनी सल्ला जरूर द्यावा, दबाव टाकू नये, असं कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं. म्हणजे तुम्ही नाही म्हटलंत तर ते तुमचं मत झालं. तुमच्या ‘हो’ने त्याला पाचारण मिळणार नाही आणि तुमच्या ‘नाही’ने ते जाणारही नाही. हे ऐकून कदाचित वाईट वाटेल, पण मला वाटतं त्यातच तुमची सुटका आहे. देव आणि तुमचा मुलगा यांच्यामधल्या दाराची किल्ली तुमच्याकडे नाही. मात्र तुमच्या घराच्या दाराची आहे, आणि मी आज जे लिहिणार आहे ते जास्त त्या दाराबद्दल आहे.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही, तेव्हा आधीच सांगून टाकते. मी स्वतः १९ वर्षांची असताना सिस्टर व्हायला गेले होते आणि १७ महिन्यांनी परत आले. ते पुढे येईलच.

आधी तुमच्या यजमानांबद्दल. तुमच्या पत्रात सासूबाई बोलतात, मिरजेची माणसं बोलतात, फादर बोलतात. एकटे तेच बोलत नाहीत, आणि मला सगळ्यात काळजी त्यांची वाटली. शुभवर्तमानात जब्दी नावाचा एक बाप आहे. याकोब आणि योहान त्याचे मुलगे, होडीत बसून जाळी नीट करत होते. येशूने हाक मारली, ते उठले आणि बापाला मजुरांबरोबर होडीत सोडून निघाले. मार्काने एका ओळीत संपवलं. आपण प्रवचनात नेहमी त्या दोघांबद्दल ऐकतो. होडीत राहिलेल्या जब्दीबद्दल मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. संध्याकाळी तो घरी गेला असेल. बायकोला काय सांगितलं असेल? ती बायको पुढे शुभवर्तमानात दोनदा भेटते: एकदा मुलांसाठी येशूकडे उजवी-डावी जागा मागायला येते आणि एकदा क्रुसाजवळच्या बायकांत. जब्दी पुन्हा दिसत नाही.

तुमच्या घरातले जब्दी पुन्हा दिसायला हवेत. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. मुक्कामी गाडी घेऊन परक्या गावात झोपणं, सणाला घरी नसणं, आपलं जेवण आपण डब्यातून काढून खाणं, हे सगळं त्यांनी केलंय. घरापासून लांब राहून लोकांची सेवा करण्यात एकटेपणा किती असतो, हे तुमच्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मला तर वाटतं त्यांचा राग हा रागच नसावा. पोराच्या वाट्याला तेच यायला नको, असं त्यांना वाटत असेल. पण ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही मधे दुभाषी होऊ नका. ‘पप्पा असं म्हणतात’, ‘तो तसं म्हणतो’ हे आजपासून बंद. एखाद्या रविवारी दोघांना काहीतरी कामाला लावून बाहेर पाठवा, गाडीचं सर्व्हिसिंग म्हणा, तासगावच्या पाहुण्यांकडे म्हणा. तुम्ही जाऊ नका. फादरनाही माझा निरोप द्या: घरी या, पण अभिनंदन करायला येऊ नका. यजमानांच्या शेजारी बसा, चहा घ्या, आणि त्यांना विचारा की तुम्हाला काय वाटतं. उत्तर मिळेपर्यंत बसून राहा.

आता पैसा. धर्माच्या गोष्टीत हप्त्यांचं बोलायला तुम्हाला लाज वाटलेली दिसते, पत्रात तुम्ही ते वाक्य मधेच घुसवून पुढे गेला आहात. लाजू नका. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अगदी हाच प्रश्न घेतला होता: आईबापांसाठी मुलाने मठात जाणं थांबवावं का? स्वतः अक्वायनस यांना घरच्यांनी वर्षभर डांबून ठेवलं होतं, त्यांनी संन्यासी होऊ नये म्हणून. तरीही त्यांचं उत्तर एकतर्फी नाही. आईबाप इतके अडचणीत असतील की या मुलाशिवाय त्यांचं निभणारच नाही, तर त्यांना टाकून जाणं योग्य नाही. दुसरी सोय होत असेल तर त्याने जावं. १९१७ च्या जुन्या चर्च कायद्यातही अशा गरजू आईबापांच्या मुलांना धर्मसंघात घेऊ नये असं स्पष्ट कलम होतं. एकुलता एक असणं ही मात्र अडचण म्हणून कुठेही लिहिलेली नाही.

तेव्हा तुमचा प्रश्न हा, की तुमचं त्याच्याशिवाय निभणारच नाही का? तुम्हा तिघांना आणि कराडच्या लेकीलाही बसवून कागदावर मांडा. पेन्शन किती, हप्ता किती, यजमानांच्या औषधाला महिन्याला किती, सासूबाईंचं काय. सासूबाईंच्या ‘वंशा’खाली खरी भीती बहुतेक ‘आम्हाला कोण बघणार’ हीच असते, ती कागदावर आली की थोडी लहान होते. हिशेबात खड्डा दिसला तर मुलाला सरळ सांगा, अजून वर्ष-दीड वर्ष नोकरी कर, ओव्हरटाइम कर, मुद्दल कमी कर, मग जा. तो २३ चा आहे, कुठेही उशीर झालेला नाही. वर्षभर हप्ते भरताना जी ओढ विझून जाईल ती सेमिनरीतही, फादर घडवणाऱ्या विद्यालयातही, टिकली नसती. आणि टिकली, तर तो ऋण फेडून गेल्याच्या समाधानाने जाईल.

एक फरक मात्र नीट समजून घ्या, कारण तो बऱ्याच कॅथलिक घरांतही माहीत नसतो. मुलगा धर्मप्रांताचा फादर होणार की एखाद्या धर्मसंघाचा, हे विचारलंत का? आपण पुणे धर्मप्रांतातले, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीतले. धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि बिशपांची आज्ञा पाळण्याचं वचन देतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. त्याला बेताचं का होईना मानधन मिळतं, त्याच्या नावावरचं घर त्याच्या नावावर राहू शकतं, आणि काम बहुतेक याच चार-पाच जिल्ह्यांच्या टापूत. जेझुइट, सेल्शियन, फ्रान्सिस्कन अशा धर्मसंघात गेला तर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं. तिथे त्याने मिळवलेलं सगळं संघाचं. पहिल्या व्रतांच्या आधी आपल्या मालमत्तेची व्यवस्था त्याला दुसऱ्याकडे सोपवावी लागते आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. संघ त्याला झारखंडला पाठवेल, आफ्रिकेलाही पाठवेल. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण म्हातारपणी आधार लागणाऱ्या आईबापांसाठी त्या सारख्या नाहीत, आणि हे मुलाने निवड करण्याआधी डोळे उघडून पाहायला हवं.

आणि तिसरीही एक वाट आहे, तिचं नाव कुणी फारसं घेत नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आपल्या मातीतले पहिले संत. ते फादर नव्हते, ब्रदर होते, म्हणजे व्रतं घेतलेले पण धर्मगुरू नसलेले. तरुणपणी व्यापार करत होते, चांगला जम बसला होता. त्याआधी जपानात जेझुइटांबरोबर राहून कामही केलं होतं, पण त्यांच्या संघात त्यांना घेतलं गेलं नाही. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर त्यांचा अंत झाला, १८६२ मध्ये संतपद मिळालं. तुमचा मुलगा मशीनवर हात चालवणारा आहे. डॉन बॉस्कोच्या सेल्शियन संघातले ब्रदर वर्कशॉपमध्ये उभं राहून गरीब पोरांना लेथ शिकवतात. त्याला एकदा विचारा: तुला वेदीवर उभं राहायचंय, का लोकांत राहून देवाचं काम करायचंय? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असू शकतं. पण प्रश्न विचारल्याशिवाय त्यालाही ते कळणार नाही. फादर म्हणजे मिस्सा म्हणणारा माणूस एवढंच आपण लहानपणापासून पाहतो. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत पाणलोटाच्या कामाला आयुष्य दिलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखरही फादरच होते. आपल्या जत-आटपाडीच्या माणसाला ते काम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

मोडलेल्या लग्नाबद्दल. तुमची शंका रास्त आहे, पण तिचं हत्यार करू नका. ‘पोरगी नाही म्हणाली म्हणून देवाकडे चालला’ हे वाक्य घरात एकदा जरी कुणी उच्चारलं तरी ते पोराच्या मनातून आयुष्यभर जाणार नाही. दुःखातून पाचारण सुरू होऊ शकतं. संत इग्नेशियस यांचा पाय तोफगोळ्याने मोडला नसता तर जेझुइट संघ निघाला नसता. फक्त दुःख हे दार असावं, घर असू नये. त्याला हळूच विचारा की हा विचार जानेवारीच्या आधी कधी आला होता का. बऱ्याच मुलांच्या बाबतीत तो अल्तार सेवक (मिस्साच्या वेळी वेदीजवळ फादरना मदत करणारा मुलगा) असतानाच येऊन गेलेला असतो. आणि दुसरं एक पाहा. फादर व्हायचं म्हणायला लागल्यापासून तो माणसांत जास्त मिसळतो की कमी? आजीशी नीट बोलतो का? मित्रांकडे जातो का, का खोलीत बसून मोबाइलवर प्रवचनंच ऐकतो? जो माणसांपासून पळतोय त्याला धर्मग्रामात पाठवणं त्याच्यावर आणि धर्मग्रामावर, दोघांवर अन्याय आहे. फादरचं सगळं आयुष्य माणसांतच जातं. सकाळी अंत्यविधी, दुपारी शाळेच्या मीटिंगमधली भांडणं, संध्याकाळी दोन कुटुंबांचा जमिनीचा वाद, आणि रात्री एकट्याचं ताट.

त्या एकट्याच्या ताटाबद्दल खोटं सांगणार नाही. मी चांगले फादर एकटेपणाने कोमेजलेले पाहिले आहेत. गेल्या काही वर्षांत मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ज्या बातम्या जगभरातून आल्या त्यांनी चांगल्या धर्मगुरूंचीही मान खाली गेली आहे. तुमच्या मुलाला लोक झग्याकडे बघून संशय घेतील, हेही घडेल. म्हणून त्याच्या प्रशिक्षणात या गोष्टी उघडपणे शिकवतात का, मानसशास्त्रीय तपासणी होते का, मित्र आणि घरच्यांशी नातं ठेवू देतात का, हे सेमिनरीच्या रेक्टरना आईने विचारलं तर त्यात उद्धटपणा काही नाही. चांगला रेक्टर असा प्रश्न विचारणाऱ्या आईला बसायला खुर्ची देईल.

आता वाट किती लांब आहे ते पाहा, कारण तुमच्या घरात सगळे असे वागताय जणू तो उद्या झगा घालणार आहे. आधी ‘येऊन पाहा’ अशी शिबिरं असतात, चार दिवस राहून बघायची. मग प्रवेश, तयारीचं वर्ष. पुढे चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास, मधे एखादं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. मग डीकन, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीची पायरी, आणि त्यानंतर निदान सहा महिन्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा. पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय दीक्षा नाहीच. तुमच्या मुलाची दीक्षा झालीच तर तो ३२-३३ चा असेल. ब्रह्मचर्याचं वचन तो आत शिरताना देत नाही, ते डीकन होताना देतो. तोपर्यंतच्या सगळ्या वर्षांत तो कुठल्याही सकाळी बॅग उचलून घरी येऊ शकतो, आणि सेमिनरीही त्याला सांगू शकते की बाळा, ही वाट तुझी नाही. कुणालाही कुठल्याही कारणाने दीक्षेसाठी भाग पाडायचं नाही आणि लायक माणसाला अडवायचं नाही, ही दोन्ही वाक्यं कायद्यात एकाच कलमात शेजारी-शेजारी आहेत. धर्मसंघातही तसंच. नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ, किमान एक वर्षाचा, मग तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं, आणि मगच कायमची.

इतकी दारं चर्चने मागे उघडी ठेवली आहेत. ती बंद करतो आपण, घरचे आणि गावचे.

मी १९७८ साली गेले. मिरज स्टेशनवर निम्मं धर्मग्राम आलं होतं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते, चर्चमध्ये छोटासा सत्कार झाला होता, मला साडी आणि जपमाळ मिळाली होती, कुणीतरी भाषणात मला ‘आपल्या धर्मग्रामाचं भूषण’ म्हणालं होतं. आठव्या महिन्यात मला कळलं की ही वाट माझी नाही. सिस्टर्स चांगल्या होत्या, त्रास कुणी दिला नाही. फक्त कळलं. जसं चपलेत पाय घातल्यावर माप कळतं तसं. पण पुढचे नऊ महिने मी तिथेच राहिले, त्या पेढ्यांमुळे. रात्री झोपताना मला गल्लीतले चेहरे दिसायचे. नऊ महिने मी देवापुढे बसून खोटं बोलत होते आणि त्याचं कारण देव नव्हता.

शेवटी आमच्या मार्गदर्शक सिस्टरनीच ओळखलं आणि मला गाडीत बसवून दिलं. पहाटे मिरजेला उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मवर आई एकटी होती. काही विचारलं नाही. म्हणाली, चल, चहा घेऊ. तो स्टॉलवरचा चहा मला अजून आठवतो. वडील मात्र त्यानंतर दोन वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसले नाहीत. बायका म्हणायच्या, ‘पळून आली’. स्थळं यायची, चौकशी करायची आणि थांबायची. मी वाईट काही केलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे जाऊन पाहिलं होतं आणि प्रामाणिकपणे परत आले होते.

आपल्या महाराष्ट्राला तर हे फार जुनं माहीत असायला हवं. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूंना कळलं की घरी बायको आहे, आणि गुरूंनीच त्यांना परत पाठवलं. परतणं गुरूच्या आज्ञेने होतं, तरी समाजाने त्या घराला वाळीत टाकलं. ‘संन्याशाची पोरं’ हा शिक्का ज्ञानदेव आणि भावंडांनी लहानपणापासून सोसला. आपण आज ज्ञानदेवांपुढे हात जोडतो, पण परतलेल्याला नावं ठेवायची खोड आपली गेलेली नाही, हिंदूंची नाही आणि ख्रिस्ती माणसांचीही नाही. उलट साताऱ्याकडे बघा. अपशिंगेसारख्या गावांत घरटी कुणीतरी फौजेत असतं. तिथे भरतीला जाऊन छाती-उंचीत बाद होऊन परत आलेल्या पोराला कुणी पळपुटा म्हणत नाही. शेतावर जा म्हणतात, पुढच्या वेळी बघू म्हणतात. तेवढंच आपल्याकडे झालं तरी पुरे.

म्हणून माझं खरं मागणं एवढंच आहे. तो जाणार असेल तर फ्लेक्स लावू नका. सांगलीत हल्ली बारशापासून नगरसेवकाच्या वाढदिवसापर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो, कुणीतरी उत्साही माणूस तुमच्या पोराचाही फोटो हात जोडलेला छापून चौकात लावेल. फादरना आधीच सांगून ठेवा की सत्कार, भाषण, काही नको. मिस्सात त्याच्यासाठी एक प्रार्थना पुरे. सगळं कौतुक दीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवा, तो आला तर. त्याची मोटरसायकल विकू नका, झाकून ठेवा. त्याची खोली भाड्याने देऊ नका निदान दोन-तीन वर्षं. आणि कुणी नातेवाईक शहाणपणाने म्हणाले, ‘आता हा संसार करणार नाही, तर घरावरचं हक्कसोडपत्र करून घ्या’, तर त्यांना चहा देऊन रवाना करा. कंपनीत राजीनामा देताना भांडून नको, चांगलं पत्र घेऊन बाहेर पडायला सांगा. जायच्या आधी त्याला स्पष्ट शब्दांत एक वाक्य ऐकवा, तुम्ही आणि पप्पा दोघांनी मिळून: ‘तू दहा दिवसांत आलास तरी हे घर तुझं, दहा वर्षांत फादर होऊन आलास तरी तुझंच.’ पप्पांना ते बोलता येणार नसेल तर ते नुसते शेजारी उभे राहिले तरी चालेल.

मिरजेच्या माहेरच्यांना फार उत्तर द्यायची गरज नाही. त्यांचं खोटं नाही. मिशनरी डॉक्टर वान्लेससाहेबांच्या दवाखान्याभोवती वाढलेल्या त्या मंडळीत पाळकांनी बायको-मुलांसह केलेली सेवा मी डोळ्यांनी पाहिली आहे, माझ्या आईचं बाळंतपणही तिथलंच. आपल्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू अविवाहित राहतो, ही चर्चची शिस्त आहे. लग्न हलकं आहे असा तिचा अर्थ नाही. आपल्याकडे लग्न हाही संस्कारच आहे. हे तुमच्या मुलालाही पटलेलं असायला हवं. लग्नाला कमी लेखून जो ब्रह्मचारी होतो त्याने पुढे लग्न लावायला उभं राहू नये.

आणि त्या रविवारच्या प्रार्थनेबद्दल, ज्यात तुमचा आवाज निघत नाही. माझ्या लहानपणापासून आमच्या धर्मग्रामात आलेले फादर वसईचे, गोव्याचे नाहीतर केरळचे. मराठी त्यांनी इथे येऊन शिकली, आपल्या मेलेल्यांना माती दिली, आपल्या पोरांना पहिला ख्रिस्तप्रसाद दिला. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे कुठल्या तरी गावात एक तुमच्यासारखी आई होती, आणि आपण कधी तिचं नावही विचारलं नाही. पोप पॉल सहावे यांनी १९६४ पासून पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस सुरू केला, पास्काच्या (ईस्टरच्या) काळातल्या चौथ्या रविवारी, उत्तम मेंढपाळाच्या. आपण दरवर्षी तो पाळतो आणि मनात धरतो की मेंढपाळ दुसऱ्याच्या घरातून येईल. तुमचा आवाज अडला, कारण तुमच्या बाबतीत ती प्रार्थना खरी झाली. ओठ हलतात तेवढे पुरेत सध्या. तुमच्याऐवजी बाकीचे म्हणतील.

मला बायबलमधल्या हन्नाची आठवण येते. शमुवेलाला तिने मंदिरात ठेवलं, आणि दरवर्षी जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. म्हणजे दरवर्षी तिला अंदाज करावा लागत असणार, आता केवढा झाला असेल, बाही किती धरू. सोपवून दिलेल्या पोराचं माप ती घेतच राहिली.

तर या महिन्यात हिशेबाचा कागद करा. पुढच्या महिन्यात धर्मप्रांताच्या पाचारण-प्रमुखांना भेटा, तिघं जा. सांगलीहून पुणं लांब नाही; पेपल सेमिनरी, १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू होऊन १९५५ साली आपल्या पुण्यात आलेली, नगर रोडला आहे, तीही बाहेरून-आतून बघून या. त्याला कुठे पाठवायचं ते धर्मप्रांत ठरवेल, पण सेमिनरी म्हणजे काय, तिथे पोरं कशी हसतात-खेळतात, हे यजमानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. एसटीने जा. पुढच्या सीटवर त्या दोघांना बसवा, तुम्ही मागे बसा. ड्रायव्हरचं चुकतंय कुठे हे सांगायला तरी ते तोंड उघडतील, आणि ऐकायला शेजारी पोरगाच असेल.